चोवीस गाद्या आणि एक

४ मार्च, मंगळवार

बाईंनी सकाळी बोलावून एक पत्र हातात दिले. मला वाटले, कामावरून कमी केल्याचे. निघाले देणगीचे. कुणा गृहस्थांनी आपल्या निवासाला नव्या गाद्यांसाठी रक्कम दिली आहे. अट एकच: ३१ मार्चच्या आत गाद्या पलंगावर पडल्या पाहिजेत, नाहीतर रक्कम परत.

"चोवीस खोल्या, चोवीस पलंग. गाद्या तू निवडायच्या," बाई म्हणाल्या. बाई म्हणजे इथल्या व्यवस्थापक.

"मी?"

"भांडार कुणाकडे आहे? तुझ्याकडे. मग?"

माझी तीन महिन्यांची चाचणीची मुदतही ३१ मार्चलाच संपते. हे त्यांनी मुद्दाम केले की आपोआप जुळून आले, ते चेहऱ्यावरून कळले नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नाही.

आमच्याकडे येतात ते समोरच्या मोठ्या हॉस्पिटलात ज्यांचे माणूस आहे ते, किंवा ज्यांना रोज उपचाराला जावे लागते ते पेशंट आणि त्यांच्या सोबतचे. कुणी आठ दिवस राहते, कुणी तीन महिने. चार महिन्यांच्या वर राहू देत नाहीत. एका खोलीत एकच पलंग. पेशंट असेल तर तो पलंगावर आणि सोबतचा खाली सतरंजीवर. आताच्या कापसाच्या गाद्यांचे गोळे झाले आहेत. यानंतर दहा-बारा वर्षे तरी कुणी गाद्या देणार नाही. म्हणजे मी आज चुकलो तर दहा वर्षे माणसे त्या चुकीवर झोपणार.

मागच्या नोकरीत मी गोदामासाठी सहा कपाटे मागवली होती. खोलीचे माप अचूक घेतले होते, दाराचे घेतले नव्हते. कपाटे दोन महिने अंगणात उभी होती. पाचव्या आठवड्यात त्यांच्याऐवजी मला बाहेर काढले.

म्हणून आज पहिल्यांदा दारे मोजली. मग पलंग. बावीस सारखे. सतरा नंबरचा अर्ध्या इंचाने रुंद. नऊ नंबरचा मोजायला वाकलो तर मावशी मागून म्हणाल्या, "तो लांबीला एक इंच कमी भरेल बघ."

टेप लावली. एक इंच कमी.

"तुम्ही कधी मोजला?"

"मोजायला कशाला पाहिजे? उंच माणसाचे पाय बाहेर येतात." आणि बादली उचलून गेल्या.

मावशी इथल्या सगळ्या खोल्या झाडतात, पुसतात, चादरी बदलतात. राहतातही इथेच, चादरींच्या खोलीत, सकाळी लवकर काम असते म्हणून. मला त्या 'मोजपट्टी' म्हणतात. मला राग येत नाही. नावात चूक नाही.

५ मार्च, बुधवार

गाद्यांच्या दुकानात गेलो. प्रश्नांची यादी बरोबर नेली होती, सतरा प्रश्न. 'घनता' हा शब्द रात्री शब्दकोशात पाहून ठेवला होता. फोमची घनता जास्त म्हणजे तो लवकर दबत नाही. नववीत शाळा सुटली म्हणून शब्दापुढे मान खाली घालायची नाही, हे मी ठरवले आहे.

गादीवाले साठीचे असतील. काउंटरवर नाही, एका गादीवरच मांडी घालून बसतात.

"कुठं टाकायची आहे?"

"निवासात. माणसे येतात, राहतात, जातात."

"म्हणजे पाहुण्यांची खोली." त्यांनी एक चार इंची पातळ गादी पालथी केली. "ही घ्या. पाहुण्यांना फार चांगली गादी देऊ नये. चार दिवसांसाठी आलेले आठ दिवस राहतात."

मी हसलो नाही म्हणून ते स्वतःच हसले.

"आमचे पाहुणे लवकर गेले तर आम्हालाही आनंदच असतो," मी म्हणालो. "बरे होऊन."

त्यांनी एकदा माझ्याकडे नीट पाहिले. मग उठले. पुढचा दीड तास त्यांनी मला दुकानातली प्रत्येक गादी दाखवली. एकेका गादीवर मूठ दाबायची, सोडायची आणि ती किती वेळात वर येते ते बघायचे. म्हणाले, स्वस्तातल्या गादीला पहिल्या दिवशी फसायला होते, कारण पहिल्या दिवशी सगळ्याच छान असतात. माल विकणाऱ्या माणसाला असे बोलताना मी पहिल्यांदा ऐकले.

शेवटी तीन राहिल्या. 'पातळ', चार इंची साधा फोम. 'जाड', आठ इंची, आत स्प्रिंगा. आणि 'मधली', पाच इंची, कडक फोम. जाड घेतली तर रक्कम अगदी काठोकाठ पुरते. पातळ घेतली तर निम्मी उरते आणि त्यात नव्या उशा, पडदे, कदाचित पंखेही होतील. दोन आठवडे तिन्ही वापरून बघायला द्यायला ते तयार झाले. पावतीही मागितली नाही. मीच लिहून दिली.

७ मार्च, शुक्रवार

गाद्या आल्या. दारातून वाकून गेल्या. मी श्वास सोडला.

पातळ गादी बारा नंबरला: तिथे एक ट्रकड्रायव्हर आहेत, त्यांची बायको समोर अतिदक्षता विभागात. जाड गादी तीन नंबरच्या आजींना, त्यांची सून दाखल आहे. मधली सहा नंबरला, तिथे दोघे भाऊ वडिलांसाठी आळीपाळीने राहतात. एक जागतो हॉस्पिटलात, एक झोपतो इथे.

मी एक वही आखली आहे. तारीख, खोली, गादी, दहापैकी गुण, शेरा. रोज सकाळी विचारायचे.

मावशींनी वही पाहिली आणि विचारले, "नापास झाले तर काय, खाली झोपवणार?"

१० मार्च, सोमवार

तीन दिवसांचे निकाल:

पातळ: १०, १०, १०. ड्रायव्हर म्हणाले, "एकदम फसक्लास, साहेब." मला आजवर कुणी साहेब म्हटलेले नाही.

जाड: १०, १०, १०. आजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मधली: ९, १०, १०. धाकट्या भावाने पहिल्या दिवशी नऊ दिले, तर थोरल्याने त्याला कोपर मारले आणि दुसऱ्या दिवसापासून दहा झाले.

म्हणजे पातळ आणि जाड सारख्याच, आणि पातळ निम्म्या किमतीत. इतका सरळ निकाल लागेल असे वाटले नव्हते. बाईंसाठी शिफारशीचे पत्र लिहायला घेतले. तीनदा लिहून काढले.

१२ मार्च, बुधवार

पत्र बाईंना देण्याआधी मावशींना वाचून दाखवले. का, ते सांगता येणार नाही. त्या चादरींच्या घड्या घालत होत्या. 'सर्व रहिवाशांनी एकमताने' या शब्दांपाशी त्या हसायला लागल्या. तोंडावर पदर धरूनही आवाज येत होता.

"अरे मोजपट्टी, ज्याची बायको नळ्या लावून पडलीय त्याला तू सकाळी सात वाजता गादी कशी आहे विचारतोस. तो काय सांगेल?"

"खरे ते सांगेल."

"तो सांगेल, तू चांगला मुलगा आहेस. फळी टाकली असतीस तरी दहाच दिले असते त्याने. आपल्याला इथून काढतील याची भीती असते रे माणसांना. चल."

ड्रायव्हर हॉस्पिटलात गेले होते. मावशींना बारा नंबरची चादर बदलायचीच होती. म्हणाल्या, "हात लावू नकोस. आधी बघ."

मी पाहिले. चादर होती.

"नीट बघ."

चादरीचा मधला भाग कालच्यासारखाच ताणलेला, घडीच्या रेघाही तशाच. उशी फुगलेली. फक्त दाराकडच्या कडेला हातभर जागा चुरगळून दोरीसारखी झालेली आणि तिथे गादी पलंगाच्या पट्टीपर्यंत दबलेली.

"बसलाय," मावशी म्हणाल्या. "रात्रभर. बूट घालून. बोलावणं आलं तर पळता यावं म्हणून. पाच दिवस झाले, हा माणूस तुझ्या गादीवर झोपलेलाच नाही."

वहीत पाच वेळा दहा लिहिले आहेत. स्वच्छ अक्षरात.

१३ मार्च, गुरुवार

पत्र फाडले. आज मावशींबरोबर सकाळी सगळ्या चोवीस खोल्या फिरलो. जे पाहिले ते लिहून ठेवतो, कारण हे कुठल्या पुस्तकात असेल असे वाटत नाही.

सगळीकडून चुरगळलेली चादर म्हणजे झोप लागली. एकाच बाजूला चुरगळलेली म्हणजे भिंतीकडे तोंड करून पडून होते, झोप नाही. पायथ्याशी जमा झालेली म्हणजे दुखणे होते. मध्ये दोन खळगे म्हणजे सोबतच्यालाही वर घेतले. मावशी म्हणतात, हे दिसले की समजायचे, रिपोर्ट चांगला आला किंवा फार वाईट आला. कडेला दाबलेली म्हणजे वाट बघणे. चोवीसपैकी अकरा पलंगांवर कड दाबलेली होती.

मावशींना हे कुणी शिकवलेले नाही. मी विचारले. म्हणाल्या, "रोज चोवीस चादरी ओढल्या की चादरी बोलतात." त्याचबरोबर त्या कामही करत होत्या. चादर हवेत एकदाच उडवतात आणि ती खाली येईपर्यंत त्यांचे हात दोन कोपऱ्यांवर पोहोचलेले असतात. मग गादीखाली पंजा, एक उचल, एक खोच. घड्याळ लावून पाहिले: पन्नास सेकंद. मी एक चादर घातली: चार मिनिटे वीस सेकंद, आणि कोपरा सामोशासारखा झाला. मावशी म्हणाल्या, "राहू दे, तुझी सही आहे ती."

त्यांनी शाळा किती केली ते मला माहीत नाही. पण मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या कुणालाच इतके बारीक दिसत नव्हते.

१४ मार्च, शुक्रवार

तीन नंबरच्या आजींकडची जाड गादी. आज मी थांबून पाहिले. आजी कडेवर बसल्या की स्प्रिंगा दबतात, आजी खाली जातात आणि गुडघे छातीशी येतात. मग उठता येत नाही. दोन्ही हातांनी दाराची कडी धरून उठतात. आणि मला दहा गुण!

मावशींनी चादर खोचायला गादी उचलली आणि "आई गं" म्हणून मनगट धरले. मी वजन केले. जाड गादी 'पातळ'च्या तिप्पट भरते. रोज चोवीस गाद्यांचे चार-चार कोपरे उचलायचे म्हणजे शहाण्णव उचली. माझ्या सतरा प्रश्नांत 'ही गादी उचलणार कोण' हा प्रश्न नव्हता. पुन्हा तेच. खोली मोजली, दार मोजले नाही.

१७ मार्च, सोमवार

गाद्या किती झिजतील याचा हिशेब करायला माणसे सरासरी किती दिवस राहतात ते हवे होते. भांडारातली जुनी नोंदवही काढली. आल्याची तारीख, निघाल्याची तारीख, वजाबाकी. दिवसभर तेच केले. सरासरी तेवीस दिवस.

एक नोंद मात्र हिशेबात बसेना. अकरा वर्षांपूर्वीची. खोली नऊ, रुग्ण पती, सोबत पत्नी. आल्याची तारीख आहे. साडेतीन महिन्यांनी पतीच्या नावापुढे बारीक फुली आहे. पत्नीच्या नावापुढे निघाल्याची तारीखच नाही. अक्षर बाईंचे. बाईंच्या हातून असे राहावे याचे नवल वाटले. वही घेऊन गेलो, की आठवत असेल तर तारीख भरून घ्या.

बाईंनी चष्मा काढला. "राहू दे ते तसंच."

"पण निघाल्याशिवाय—"

"त्या अजून निघालेल्या नाहीत."

नियम चार महिन्यांचा आहे, हे मी नम्रपणे सांगितले. बाई म्हणाल्या, "नियम मीच केलाय. जा आता, गाद्यांचं बघ." बाई कधी गंमत करतात आणि कधी नाही हे मला अजून ओळखता येत नाही. ती नोंद सरासरीतून वगळली.

२० मार्च, गुरुवार

ठरले. मधली. पण आहे तशी नाही.

दुकानात जाऊन गादीवाल्यांना सगळे सांगितले: बूट, कड, आजींचे गुडघे, शहाण्णव उचली. ते गादीवर बसून ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी दुकानातल्या पोराला स्वतःसाठी चहा सांगितला आणि माझ्यासाठी दोनदा.

"म्हणजे तुम्हाला झोपायची गादी नकोच आहे," ते म्हणाले. "बसायची पाहिजे."

"दोन्ही. आधी बसतील. मग कधीतरी झोपतील."

त्यांनी पेन्सिल घेतली. पाच इंची फोम तोच, पण चारी कडांना चार बोटे रुंदीची जास्त घनतेची पट्टी चिकटवायची. खोळ चेन लावून निघणारी, धुता येणारी. वजन दोन किलोंनी वाढेल, तरी जाड गादीच्या निम्म्याहून कमी. भाव साध्या मधलीपेक्षा थोडा जास्त, 'जाड'पेक्षा बराच कमी. चोवीस गाद्या आणि चोवीस नव्या उशा त्यात बसतात. पंखे नाहीत.

"तीस वर्षं गाद्या विकतोय," ते म्हणाले, "गिऱ्हाईक आडवं होऊन बघतं. कडेवर कुणी बसून बघत नाही. हे तुम्हाला सुचलं?"

"नाही. आमच्या मावशींना."

"मग त्यांना घेऊन यायचं ना!"

खरेच आणायला हवे होते.

२१ मार्च, शुक्रवार

मागणीपत्रावर सही केली. कडेची पट्टी सुटली तर? नऊ आणि सतरा नंबरची वेगळी मापे त्यांनी उलटी धरली तर? घरी जाऊन जेवलो नाही. बाईंनी सही करण्यापूर्वी एकच विचारले, "मावशींनी पाहिलं?" मी हो म्हटल्यावर त्यांनी न वाचता सही केली.

सहा नंबरच्या भावांच्या वडिलांना आज घरी सोडले. जाताना धाकटा माझ्या कानाशी म्हणाला, "खरं सांगू? गादी आठच होती. पण बरी होती."

त्याचे आठ मी वहीत लिहिले. वहीतले पहिले खरे गुण.

२८ मार्च, शुक्रवार

गाद्या आल्या! चोवीसच्या चोवीस, मापे बरोबर. नऊ नंबरची पलंगात अशी बसली की बोट जाईना. दुपारपर्यंत मावशी आणि मी सगळ्या चादरी घातल्या. त्यांनी एकवीस, मी तीन. प्रत्येक कडेवर मावशी स्वतः एकदा बसून उठल्या, हात न टेकता. चोविसाव्यावरून उठून म्हणाल्या, "पास."

बारा नंबरच्या ड्रायव्हरना सकाळी बायकोने डोळे उघडून नावाने हाक मारली. त्यांनी हे मला जिन्यात सांगितले, मावशींना सांगितले, गाद्या उतरवणाऱ्या हमालांनाही सांगितले.

गादीवाल्यांनी पातळ आणि जाड नमुने दुकानात दाबून दाखवायला परत नेले. मधला नेला नाही; त्याच्या जागी ते आता कडेला पट्टी असलेला नमुना ठेवणार आहेत. म्हणाले, वापरलेली गादी ते नवी म्हणून विकत नाहीत आणि जुन्या गाद्यांचा धंदा करत नाहीत. "ठेवा कुठंतरी. कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

म्हणजे एक गादी शिल्लक. भांडारात एक मोडका पलंगही आहे. उद्या पाय ठोकतो.

२९ मार्च, शनिवार

पलंग दुरुस्त करून चादरींच्या खोलीत खिडकीखाली लावला, मधली गादी टाकली, माझ्या हाताने चादर घातली. मावशींची सतरंजी गुंडाळून कपाटावर ठेवली. त्यांना आनंद होईल असे वाटले होते.

"माझं अंथरूण कुणी हलवलं?"

इतका मोठा आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता.

"मावशी, गादी शिल्लक होती—"

"मी खाली झोपते. अकरा वर्षं खालीच झोपतेय. पलंग पेशंटचा असतो."

मी म्हणालो, "पण मावशी, या खोलीत पेशंट कुणी नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग पलंगाकडे. म्हणाल्या, "हो. नाहीये." आणि चादरींचा हिशेब न देताच बाहेर गेल्या. माझे काय चुकले ते दिवसभर शोधले. सापडले नाही. सतरंजी खाली काढून जागेवर ठेवली. पलंग हलवायचा धीर झाला नाही.

३० मार्च, रविवार

सुट्टी असून आलो. चादरी घ्यायला त्यांच्या खोलीत गेलो तर सतरंजी वेगळ्या तऱ्हेने गुंडाळलेली. पलंगावरची चादर जशीच्या तशी, माझ्या सामोशासकट. त्या खालीच झोपल्या.

मावशी माझ्याशी नेहमीसारख्या बोलल्या, पण 'मोजपट्टी' म्हणाल्या नाहीत.

३१ मार्च, सोमवार

बाईंनी पत्र दिले. कायम केले आहे. दोनदा वाचले, 'नियुक्ती'तली नि ऱ्हस्व आहे, बरोबर आहे. घरी आई रडली.

पण लिहायचे ते हे: मावशींच्या पलंगावर आज खिडकीकडचा कोपरा माझाच होता, पण दाराकडची कड हातभर चुरगळलेली होती.

कुणाची वाट बघत बसल्या असतील, ते विचारले नाही. कड दबलेली नव्हती. पट्टी नसूनही फोम पुरता वर आला होता.

३ एप्रिल, गुरुवार

साडेसातला आलो तर जिना झाडलेला नव्हता. असे कधी होत नाही. बाई पायरीवर उभ्या होत्या, म्हणाल्या, "हळू चाल." मी झाडू घेतला. जिना झाडला, पाणी भरले, बारा नंबरपर्यंत चादरी घातल्या. आता मला अडीच मिनिटे लागतात.

आठ वाजून दहा मिनिटांनी मावशी धावत आल्या. केस सुटलेले, गालावर उशीच्या शिवणीचा वळ.

"उठवायचं नाही का रे मोजपट्टी? आठ वाजले! लोक काय म्हणतील?"

"काही नाही म्हणाले."

"आणि हे कोपरे कुणी घातलेत? शी! हो बाजूला."

तेरा नंबरपासून पुढे त्यांनी घातल्या. मी आणखी चादरी आणायला त्यांच्या खोलीत गेलो. सतरंजी कपाटावर होती, मी त्या दिवशी ठेवली होती तिथेच, पण मी ठेवलेली नव्हे.

चादरीला हात लावण्याआधी नीट पाहिले. वहीत लिहिले ते असे:

'चादरींची खोली. गादी: मधली. चादर मधोमध आणि चारी बाजूंनी चुरगळलेली. चारही कोपरे सुटलेले. उशीला खोल खळगा. कड: बसल्याची खूण नाही. गुण: विचारले नाहीत.'